आर्गोलिसातील एक दिवस

ग्रीस देशात भाड्याच्या मोटारीचा चालक प्राचीन स्थळाच्या फाटकापाशी थांबतो आणि तेथे त्याच्या वाणीचा अंमल संपतो. रस्त्याने जाताना तो ऑलिव्हच्या पिकाविषयी, राजकारणाविषयी, वाटेत लागणाऱ्या गावांच्या इतिहासाविषयी हवे तितके बोलेल. परंतु तटाच्या आत उभे राहून प्रवाशांना अवशेषांचा अर्थ समजावून देण्याचा अधिकार त्या देशाने 1977 च्या कायद्यान्वये परवानाधारक मार्गदर्शकांकडे राखून ठेवला आहे, आणि तो परवाना इतिहास, पुरातत्त्व व कला यांचे रीतसर शिक्षण घेतल्यावाचून हाती पडत नाही. अथेन्सहून एका दिवसाची खासगी सहल ठरवणाऱ्या पुष्कळ मंडळींना ही गोष्ट ठाऊक नसते. मोटारीचे भाडे दिले की सर्व काही मिळाले अशा समजुतीने ती निघतात, आणि मायसीनीच्या सिंहद्वारासमोर उभी राहून हातातल्या पुस्तिकेत डोके घालतात. आम्ही चौघांनी मोटार एकाकडून आणि मार्गदर्शक दुसरीकडून अशी दुहेरी तजवीज केली होती. तिच्यामुळे तो दिवस कसा घडला याचा तपशील लिहून ठेवावा असे वाटते, कारण अवशेष पाहणे ही एक विद्या आहे आणि ती शिकवणारी माणसे फार थोडी आहेत.

सहलीची खरी घडण आदल्या संध्याकाळी झाली. मार्गदर्शक बाई आमच्या मुक्कामी आल्या. प्रौढ वयाच्या, मितभाषी, बरोबर आराखड्यांची एक जाड वही. दिवसभराच्या सहलींच्या जाहिरातींत कोरिंथचा कालवा, प्राचीन कोरिंथ, मायसीनी, नॉफ्लिओ आणि एपिडॉरस ही पाचही नावे एका ओळीत छापलेली असतात, आणि आमच्या यादीतही ती सर्व होती. बाईंनी प्रथम आमच्यापैकी प्रत्येकाला विचारले, काय वाचले आहे, उन्हाचा त्रास होतो का, गुडघे चढणीला साथ देतात का. आणि मग कोरिंथ व नॉफ्लिओ या दोन नावांवर शांतपणे रेघ ओढली. कोरिंथला अपोलोच्या देवळाचे सात खांब उभे आहेत आणि ते पाहण्याजोगे आहेत हे त्यांनी मान्य केले. परंतु रोमन सेनानी मम्मियसने इसवी सनापूर्वी 146 मध्ये ते नगर उद्ध्वस्त केले, पुढे इसवी सनापूर्वी 44 मध्ये ज्यूलियस सीझरने ते पुन्हा वसवले, आणि आज दिसतात ते बरेचसे अवशेष या दुसऱ्या, रोमन नगराचे आहेत. एकाच भूमीवरची ही दोन नगरे वेगवेगळी वाचायची तर अर्धा दिवस लागतो, आणि तो आपल्यापाशी नाही, असे त्यांचे म्हणणे. नॉफ्लिओ ही स्वतंत्र ग्रीसची पहिली राजधानी खरी, पण तो एकोणिसाव्या शतकाचा इतिहास. एका दिवशी मनाला तीन हजार वर्षांची उडी मारायला लावू नये. आर्गोलिस प्रांतातल्या उरलेल्या दोन स्थळांचा क्रमही त्यांनी कारणासह सांगितला. मायसीनीचा डोंगर उघडा, सावली जवळजवळ नाही, आणि अथेन्सहून निघणाऱ्या मोठ्या बसगाड्या दहाच्या सुमारास तेथे पोहोचू लागतात, म्हणून ती सकाळी; एपिडॉरसला पाइनची झाडी आहे, म्हणून ते दुपारनंतर.

पहाटे निघालो. अथेन्सहून पश्चिमेकडे जाणारा हमरस्ता प्रथम एल्युसिसच्या जवळून जातो. ज्या गावी नाटककार एस्किलस जन्मला आणि जेथे शतकानुशतके रहस्यदीक्षेचे उत्सव झाले त्या भूमीच्या आसपास आज तेलशुद्धीकरणाच्या टाक्या आणि धुराडी उभी आहेत. डाव्या हाताला सॅलॅमिसचे बेट आणि इसवी सनापूर्वी 480 मध्ये इराणी आरमाराचा जेथे पराभव झाला ती अरुंद सामुद्रधुनी. हे सारे चालकाने सांगितले, आणि चांगले सांगितले. सुमारे ऐंशी किलोमीटरांवर संयोगभूमी आली आणि कालव्याच्या पुलावर आम्ही पाय मोकळे करण्यापुरते उतरलो. सम्राट नीरोने इसवी सन 67 मध्ये खणायला घेतलेले हे काम 1893 साली पुरे झाले. सहा किलोमीटरांहून थोडी अधिक लांबीची, तळाशी सुमारे एकवीस मीटर रुंदीची ती सरळ चीर खडकात पाहून माणसाच्या हट्टाचे कौतुक वाटते, पण ते दृश्य एका नजरेत संपते. त्याहून मला महत्त्वाची वाटली ती कालव्याच्या पश्चिम टोकापाशी तुकड्या-तुकड्यांनी उरलेली फरसबंदी वाट. नौका आणि माल जमिनीवरून ओढून एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात नेण्याची ती सोय कालव्याच्या आधी सुमारे पंचवीसशे वर्षे तेथे सिद्ध होती.

मायसीनीचे फाटक उघडताच आत शिरणारे आम्ही पहिलेच होतो, तरी बाई सिंहद्वाराकडे निघाल्या नाहीत. तटाबाहेर, जेथून दोन डोंगरांच्या खोबणीत बसलेला तो दुर्ग आणि समोर समुद्रापर्यंत उतरत गेलेले आर्गोसचे मैदान ही दोन्ही एकदम दिसतात तेथे त्यांनी आम्हांला उभे केले, आणि काही वेळ एक शब्दही न बोलता पाहू दिले. मग विचारले, येथे राहणाऱ्याच्या ताब्यात काय काय असेल? मैदान, पाणी, खिंडीतून जाणारी वाट, अशी उत्तरे आमच्याच तोंडून आली. राजवंशांची नावे त्यांनी अजून घेतलीच नव्हती, आणि तरीही या ओसाड टेकडीवर सत्ता का रुजली हे आम्हांला कळून चुकले होते.

द्वारापाशी आल्यावर त्यांनी आपल्या कामाची रीत सांगितली, आणि ती मला त्या दिवसाचे मर्म वाटते. येथे तीन प्रकारच्या साक्षी आहेत, त्या म्हणाल्या: दगडांची, जुन्या प्रवाशांची आणि कवींची, मी कोणती साक्ष देत आहे हे प्रत्येक वेळी सांगेन, आणि मी विसरले तर तुम्ही विचारा. दगडांची साक्ष अशी की हे द्वार इसवी सनापूर्वी सुमारे 1250 मध्ये बांधले गेले; वरची शिळा वीस टनांच्या आसपास वजनाची; तिच्यावर भिंतीचा भार पडू नये म्हणून कारागिरांनी त्रिकोणी पोकळी ठेवली, आणि ती पोकळी झाकण्यासाठी मधल्या स्तंभाच्या दोहो बाजूंना दोन सिंह कोरलेला पातळ दगड बसवला. सिंहांची मस्तके वेगळी घडवून जोडलेली होती, ती नाहीशी झाली. प्रवाशाची साक्ष पॉसेनियसची. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तो येथे आला तेव्हा नगर ओसाड पडले होते, पण द्वार आणि त्यावरचे सिंह त्याने पाहिले, आणि एवढे प्रचंड दगड रचणारे हात सायक्लॉप्स नावाच्या राक्षसांचे असावेत ही लोकांची समजूत नोंदवून ठेवली. कवींची साक्ष अ‍ॅगॅमेम्नॉनची: ट्रॉयहून परतलेला आणि घरीच मारला गेलेला राजा. ही तिसरी साक्ष खोटी आहे असे बाई म्हणाल्या नाहीत. ती वेगळ्या दप्तरातली आहे, एवढेच म्हणाल्या.

या भेदाचे मोल द्वाराच्या आत उजव्या हाताला असलेल्या गोल दफनभूमीपाशी कळते. पॉसेनियसच्या मजकुरावर भरवसा ठेवून हाइनरिश श्लीमानने 1876 साली येथे खोदकाम केले आणि खोल कबरींतून सोन्याचे मुखवटे, मुकुट, खड्ग यांची एवढी रास बाहेर काढली की साऱ्या युरोपचे डोळे दिपले. त्यांतला एक मुखवटा अ‍ॅगॅमेम्नॉनचा म्हणून जगभर प्रसिद्ध झाला. पण त्या कबरी इसवी सनापूर्वी सोळाव्या शतकातल्या आहेत, म्हणजे ट्रॉयच्या युद्धाचा जो काळ मानतात त्याच्या तीनेकशे वर्षे आधीच्या. तेथे बाईंनी आणखी एक नाव घेतले, जे प्रवाशांना क्वचितच ऐकू येते: पानायोटिस स्टामाटाकिस. ग्रीक सरकारच्या वतीने श्लीमानच्या खोदकामावर देखरेख ठेवणारा हा अंमलदार. वरच्या थरांतल्या उत्तरकालीन भिंती नोंद न करता मोडू नका म्हणून तो श्लीमानशी वारंवार भांडला, आणि श्लीमान गेल्यावर सहावी कबर त्यानेच शोधली. कीर्ती सोने शोधणाऱ्याला मिळाली. परंतु पुरातत्त्व हे शास्त्र ज्या नोंदींवर उभे राहते त्यांची काळजी वाहणारा हा सरकारी नोकर होता, आणि त्याचे नाव त्या कबरींच्या काठावर उभे राहून उच्चारले जावे यात मला मोठा न्याय दिसला.

डोंगराखाली रस्त्यालगत अ‍ॅट्रियसचा खजिना या नावाने ओळखली जाणारी वास्तू आहे. वस्तुतः ते एका राजपुरुषाचे थडगे. छत्तीस मीटर लांबीची उघडी वाट, तिच्या शेवटी उंच दार, आणि आत साडेतेरा मीटर उंचीचा, साडेचौदा मीटर व्यासाचा दगडी घुमट. दाराच्या वरची आतली शिळा सुमारे एकशेवीस टनांची मानतात. प्रत्येक वर्तुळाकार थर खालच्यापेक्षा किंचित पुढे सरकवत, वर वर मिटत नेलेला हा घुमट चुन्यावाचून, केवळ दगडाच्या आणि वरच्या मातीच्या भाराने तेहतीस शतके उभा आहे. बाईंनी वहीतला आराखडा बाहेर दारातच दाखवून मिटला. आत त्या काही बोलल्या नाहीत. तेथे आवाज असा घुमतो की बोलणाऱ्याचे शब्द एकमेकांत मिसळतात, आणि इतर प्रवाशांच्या पाहण्यात आपल्या बोलण्याने व्यत्यय आणणे त्यांना अशिष्ट वाटे.

अशा वेळी आपल्याकडची एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. ग्रीकांना ज्या नावाने आपण ओळखत होतो ते नाव सह्याद्रीच्या पाषाणात दात्यांच्या पंक्तीत कोरलेले आहे. ते दाते ग्रीक वंशाचे किती आणि नावापुरते यवन किती यावर विद्वानांत मतभेद आहेत. बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी तत्काळ विचारले, ही कोणती साक्ष? मी म्हणालो, दगडांची. त्यांनी वही उघडून ते नाव टिपून घेतले.

एपिडॉरसच्या वाटेवर बोलण्याची पाळी पुन्हा चालकाची होती, पण त्याने जे केले ते न बोलता. आर्काडिको गावाजवळ त्याने मोटार बाजूला घेतली आणि झुडपांपलीकडे बोट दाखवले. ओढ्यावर ओबडधोबड प्रचंड दगडांचा, बावीस मीटर लांबीचा एक पूल होता; मायसीनीच्या तटाच्या काळातला, रथांच्या वाटेवरचा, आणि अजून पायी ओलांडता येतो असा. फाटक नाही, तिकीट नाही, पहारेकरी नाही. ज्या जागेला हद्द नाही तेथे आपल्यालाही काही दाखवता येते, याचा त्या गृहस्थाला झालेला आनंद लपत नव्हता.

एपिडॉरसला बहुतेक प्रवासी रंगमंडल पाहतात आणि परततात. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरच्या सुमाराची ही रचना, पंचावन्न पायऱ्यांची, बारा ते चौदा हजार प्रेक्षकांची. पॉसेनियसनेही तिच्या प्रमाणबद्धतेची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. मध्यभागी उभे राहून नाणे टाकावे आणि सर्वांत वरच्या पायरीवर ते ऐकू यावे, हा प्रयोग तेथे दिवसभर चालतो. बाईंनीही तो करू दिला, पण त्याबरोबर त्यांनी दोन संशोधनांची हकिगत सांगितली: 2007 साली मांडले गेलेले असे की पायऱ्यांची रचना गर्दीची खालच्या पट्टीतली कुजबूज दाबते आणि वरचे स्वर पुढे पाठवते, आणि 2017 साली आइंडहोवनच्या संशोधकांनी हजारो मोजमापे घेऊन दाखवलेले असे की नाण्याचा आवाज वरपर्यंत जातो खरा, पण तो नाण्याचा आहे हे निम्म्या उंचीपर्यंतच ओळखता येते, आणि कुजबूज पुढच्या रांगांपलीकडे समजत नाही. आम्ही वर बसून ऐकले. खणखणीत उच्चारलेले वाक्य स्पष्ट आले. हळू बोललेले आले नाही. दंतकथा थोडी उणी झाली, वास्तूविषयीचा आदर मात्र वाढला, कारण ती नटाच्या आवाजासाठी बांधली होती, नाण्यांसाठी नव्हे.

मग बाईंनी आम्हांला झाडीतून अस्क्लीपियसच्या देवस्थानाकडे नेले, आणि उरलेला सारा वेळ तेथे दिला. हे आरोग्यदेवतेचे क्षेत्र. रंगमंडल त्याच्याच आश्रयाने उभे राहिले. दूरदूरचे रोगी येथे येत, शुद्ध होऊन एका लांब ओसरीत रात्री झोपत आणि स्वप्नात देवाची वाट पाहत. बरे झालेल्यांच्या कथा शिळांवर कोरून ठेवल्या जात. पानागिस काव्हाडियासने 1881 पासून केलेल्या उत्खननात त्या सापडल्या. त्यांत अथेन्सची अँब्रोसिया नावाची एका डोळ्याने अंध स्त्री आहे: लंगडे आणि आंधळे नुसत्या स्वप्नाने बरे होतात या गोष्टीला ती हसली, तेथेच झोपली, आणि देवाने स्वप्नात येऊन सांगितले की तुझा डोळा बरा करीन, पण तुझ्या अज्ञानाची आठवण म्हणून चांदीचे डुक्कर वाहावे लागेल, सकाळी ती डोळस होऊन बाहेर पडली. ही कथा बाईंनी त्या ओसरीच्या जोत्यावर बसून सांगितली, आणि शेवटी पुस्ती जोडली की ही दगडांची साक्ष आहे, पण दगडावर लिहिणारे देवस्थानचेच लोक होते. साक्षीदार कोण आणि त्याचा हितसंबंध काय, हा प्रश्न त्यांनी दगडांनाही माफ केला नाही.

ग्रीसला जाणाऱ्या मराठी प्रवाशांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. एका दिवसात दोनच स्थळे घ्या, तिसऱ्याचा मोह टाळा. मोटार साधी असली तरी चालेल, वाचलेला पैसा परवानाधारक मार्गदर्शकाला द्या, आणि आदल्या दिवशी त्यांच्याशी बोलण्यासाठी एक तास राखा. उन्हाळ्यात मायसीनीचे फाटक उघडण्याच्या वेळेला तेथे असा. आणि सोन्याचा तो मुखवटा मायसीनीत शोधू नका. तो अथेन्सच्या राष्ट्रीय पुराणवस्तुसंग्रहालयात आहे, आणि या सहलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कबरी प्रत्यक्ष पाहून झाल्यावर, तो पाहणे सर्वांत योग्य.