निवासी उन्हाळी शिबिर : निवड करताना काय पाहावे?

वार्षिक परीक्षा संपत आल्या की शहरांमध्ये मुलांच्या उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. पोहण्याचा तलाव, घोडेस्वारी, दोरीवरून दरी ओलांडणे, शेकोटी अशा आकर्षणांची त्यांत रेलचेल असते. बहुतेक पालक ही यादी आणि शुल्क पाहून निर्णय घेतात. परंतु आठवडाभर घरापासून दूर राहणाऱ्या मुलाचे दिवस कसे जातील, हे या यादीवरून कळत नाही. निवास, पाणी, दिनक्रम आणि विशेषतः देखरेख करणारी माणसे यांवर ते अवलंबून असते.

लहान गटाचे महत्त्व

रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउन्सी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरवले. मुलांचे चार गट करून प्रत्येक गटाची जबाबदारी त्यांच्यातीलच एकावर सोपवली होती. याच प्रयोगातून बालवीर चळवळ उभी राहिली. आजही चांगल्या शिबिरात आठ-दहा मुलांचा गट आणि त्यांची काळजी घेणारी एक ताई किंवा दादा अशी रचना आढळते. कोण जेवले नाही, कोण गप्प आहे, कोणाच्या पायाला फोड आले आहेत, हे लहान गटातच लक्षात येते. म्हणूनच ‘किती मुलांमागे किती प्रशिक्षित प्रौढ व्यक्ती?’ हा पालकांचा पहिला प्रश्न असावा.

दिनक्रम उन्हाच्या कलाने

सह्याद्रीच्या परिसरातील शिबिरात दिवस पहाटे सुरू होतो. व्यायाम व न्याहारीनंतर डोंगरभ्रमंती किंवा प्रस्तरारोहणाचा सराव ऊन चढण्यापूर्वीच उरकला जातो. दुपारी जेवण, विश्रांती आणि सावलीत बसून करायच्या हस्तकला, गोष्टी असे कार्यक्रम असतात. मैदानी खेळ ऊन उतरल्यावर होतात. रात्री आकाशदर्शन असते. या दिवसांत उत्तरेकडे सप्तर्षी ठळक दिसतात. भर दुपारी मैदानी कार्यक्रम ठेवणारे वेळापत्रक उन्हाच्या त्रासाला निमंत्रण देणारे असते. अंथरूण घडी करणे, स्वतःचे ताट धुणे, पंगतीत वाढणे ही कामेही दिनक्रमाचाच भाग असतात. घरी क्वचितच वाट्याला येणारी ही कामे मुले बरोबरीच्या मुलांसोबत आनंदाने करतात.

निवास, पाणी आणि औषधोपचार

तंबूचे आकर्षण मोठे असले, तरी दुपारी तो तापतो आणि वळवाचा पाऊस वादळासह आला की निरुपयोगी ठरतो. त्यामुळे जवळच पक्की इमारत हवी. डोंगराळ भागात एप्रिल-मेमध्ये पाण्याची टंचाई असते. म्हणून पाणी कोठून येते आणि पिण्याचे पाणी कसे शुद्ध केले जाते, हे विचारावे. स्वच्छतागृहाच्या वाटेवर रात्रभर दिवा असावा. मुलींच्या निवासात रात्री महिला कार्यकर्त्या असणे अत्यावश्यक आहे.

साप आणि विंचू यांचा धोका गृहीत धरावाच लागतो. बूट घालण्यापूर्वी झटकणे, अंधारात विजेरीशिवाय न फिरणे ही शिस्त पहिल्याच दिवशी लावली जाते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांच्या दंशावर चालणारी प्रतिविषाची लस आपल्याकडे उपलब्ध आहे. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध उपयुक्त ठरते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिले. मात्र ही औषधे असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते आणि तेथे नेण्यासाठी वाहन रात्रीही सज्ज असते का, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

साहसी खेळांबाबत महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये धोरण जाहीर केले असून त्यात आयोजकांच्या नोंदणीची तरतूद आहे. नोंदणीची प्रत मागण्यात संकोच बाळगू नये.

घराची आठवण

प्रथमच घराबाहेर राहणाऱ्या अनेक मुलांना सुरुवातीच्या रात्री रडू येते. तो दुबळेपणा नव्हे. दिवसभर कामात गुंतलेले आणि गटात सामावलेले मूल बहुधा लवकर सावरते. वारंवार दूरध्वनी केल्याने ही ओढ वाढू शकते. म्हणून अनेक शिबिरांत संपर्काची वेळ ठरलेली असते. पण मूल अस्वस्थ असताना किंवा काही सांगू पाहत असतानाही घरी बोलू न देणे ही शिस्त नव्हे. कोणाचा स्पर्श वा वागणे खटकले तर ताबडतोब सांगायचे, हे मुलाला निघण्यापूर्वीच समजावून ठेवावे. त्याचप्रमाणे दमा, ॲलर्जी, अंथरूण ओले होणे यांसारख्या बाबी पालकांनी आयोजकांपासून लपवू नयेत. माहिती असलेली ताई मुलाला चारचौघांत ओशाळे होऊ न देता सांभाळू शकते.

पोहण्याचा तलाव शहरातही असतो. आई-वडील जवळ नसताना स्वतःला आणि शेजारच्या मित्राला सांभाळण्याची संधी मात्र शहरी मुलांना फारशी मिळत नाही. मोठ्यांची सजग नजर पाठीशी असेल, तरच ती निर्धास्तपणे घेता येते.