पंचवीस डॉलरची फौज

अमेरिकेत शाळकरी मुलं असलेल्या घरात सोफ्याच्या फटीत कधी ना कधी एखादा चकचकीत पत्ता सापडतोच. कुणाकडे पोकेमॉन, कुणाकडे यु-गी-ओ. आमच्याकडे ‘मॅजिक: द गॅदरिंग’. आम्ही सिएटलच्या दक्षिणेला राहतो, आणि हा खेळ काढणारी विझर्ड्स ऑफ द कोस्ट ही कंपनी इथल्याच रेंटनची. त्यामुळे आमच्या तेरा वर्षांच्या चिरंजीवांना तो अगदी गावचा खेळ वाटतो. रिचर्ड गारफिल्ड या गणितात पीएचडी केलेल्या माणसाने तो तयार केला आणि १९९३ साली तो बाजारात आला, हे कळल्यावर माझाही विरोध जरा मावळला.

साताऱ्याहून सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, “पत्त्यांवर पैसे घालवतोय म्हणे. जुगार नाही ना गं?” प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. बंद पाकिटात चौदा-पंधरा पत्ते, किंमत साधारण ५ डॉलर, आणि आत काय आहे ते फोडेपर्यंत कळत नाही. मी त्याला लॉटरीच म्हणते. याच खेळातला ‘ब्लॅक लोटस’ नावाचा जुना पत्ता लाखो डॉलरना विकला गेलाय, मग प्रत्येक पोराला वाटणारच की आपल्याही पाकिटात घबाड असेल. म्हणून आमच्याकडे बंद पाकिटं बंद. हवा तो पत्ता दुकानातून सुटा घ्यायचा, भाजीसारखा निवडून.

यंदा तर हात आणखी आखडावा लागला. नवऱ्याची नोकरी कपातीत गेली. एच-वन-बीवर असलेल्या वाचकांना पुढचं सांगायला नको. पगार थांबला की जास्तीत जास्त ६० दिवस हातात असतात, तेवढ्यात नवी कंपनी मिळाली तर ठीक. मुलापासून काही लपवलं नाही. त्याच्या हातावर २५ डॉलर ठेवले आणि सांगितलं, “यात बसेल तो डेक बांध. वर एक सेंट मिळणार नाही.”

डेक म्हणजे आपण खेळायला नेतो तो साठ पत्त्यांचा जुडगा. आपल्या मेंढीकोटात सगळे एकाच कॅटमधून खेळतात, इथे प्रत्येकजण आपली कॅट घरून बांधून आणतो. साहजिकच ज्याचा खिसा खोल त्याची कॅट भारी. त्यावर उपाय म्हणून ‘पॉपर’ नावाचा प्रकार निघाला. त्यात फक्त ‘कॉमन’ छापाचे पत्ते चालतात, म्हणजे पाकिटात सर्रास निघणारे. २०१९ पासून कागदी पत्त्यांसाठीही तो अधिकृत आहे. ‘गॉब्लिन गाइड’ हा रेअर पत्ता त्याला फार हवा होता, पण पॉपरमध्ये तो मुळातच चालत नाही. सुटला एक प्रश्न.

फौज ठरली गॉब्लिनांची. लाल रंगाचे, किरकोळ अंगाचे, भांडखोर प्राणी. प्रत्येक खेळाडूचे प्राण २०, आणि समोरच्याने तयारी करायच्या आत ते संपवायचे, एवढंच या डेकचं काम. एकेक गॉब्लिन बघाल तर कुणी मोजणार नाही. ‘फाउंड्री स्ट्रीट डेनिझन’ची ताकद एक, पण दुसरा लाल प्राणी मैदानात आला की त्या पाळीपुरती ती एकाने वाढते. ‘मॉग वॉर मार्शल’ येताना सोबत एक गॉब्लिन आणतो आणि मरताना आणखी एक ठेवून जातो.

आता हिशोब बघा. पहिल्या पाळीला डेनिझन. दुसऱ्या पाळीला मार्शल आणि त्याचं पिल्लू, म्हणजे डेनिझनची ताकद तीन. समोर कुणी अडवणारा नसेल तर १७ उरले. तिसऱ्या पाळीला मार्शलला ठेवून घ्यायचे पैसे भरायचे नाहीत, मरू द्यायचं. त्याच्या जागी दुसरं पिल्लू येतं. मग ‘मॉग फॅनॅटिक’, आणि सर्वांत शेवटी ‘गॉब्लिन बुशव्हॅकर’. तो एक जास्तीचा डोंगर घेऊन सगळ्यांना एकेक ताकद देतो, शिवाय नवे आलेलेही लगेच हल्ला करतात. पाच, दोन, दोन, दोन, दोन. १३. उरले ४. चौथ्या पाळीला ‘गॉब्लिन ग्रेनेड’: आपलाच एक गॉब्लिन बळी द्यायचा आणि ५ प्राण घ्यायचे. बुशव्हॅकर फॅनॅटिकच्या आधी टाकला तर गणित बिघडतं, हे त्याने मला तीनदा मांडून दाखवलं.

अण्णा, माझे सासरे, हे ऐकून खूश. “म्हणजे गनिमी कावा!” नातू म्हणाला, “नाही आजोबा, यात माघार नाहीच.” ते खरंय. सहाव्या-सातव्या पाळीपर्यंत खेळ लांबला की या फौजेचा दम संपतो. आणि ‘क्रिप्ट रॅट्स’सारखा एक पत्ता सगळ्या चिमुकल्यांना एका फटक्यात झोपवतो.

डोंगर, म्हणजे पत्ते खेळायला बळ देणारे पत्ते, किती ठेवायचे यावर आमची खरी चर्चा झाली. बरेचजण साठात चोवीसच्या आसपास ठेवतात. आमचे पत्ते एक-दोन डोंगरांत निघणारे, म्हणून सतरा. सुरुवातीच्या सात पत्त्यांत सरासरी दोन येतात, तेवढे पुरतात. दुकानदाराने डोंगर फुकटच्या खोक्यातून दिले. बाकीचे बरेचसे पत्ते सेंटांतले, ‘लाइटनिंग बोल्ट’ जरा महाग. करासकट २३ डॉलर ४० सेंट.

शुक्रवारी दुकानात चार सामने झाले, दोन जिंकला. हरलेल्यातला एक त्या उंदरांनीच खाल्ला. मला त्याचं काही नाही. तीन आठवडे शाळेतून येऊन खोलीत दार लावून बसणारा मुलगा दोन तास टेबलाशी अनोळखी माणसांशी बोलत होता, त्यातला एक तर पन्नाशीचा बस ड्रायव्हर. त्याने जास्तीचे पांढऱ्या सैनिकांचे वीस-पंचवीस कॉमन पत्ते याला देऊन टाकले.

त्यातून आता दुसरा डेक बांधणं चाललंय, अण्णांसाठी. साताऱ्यात आपल्याशी खेळायला कुणी असेल की नाही याची खात्री नाही, म्हणून आजोबांना शिकवायचं ठरलंय. साठपैकी तेवीस दिवस उरलेत, सोमवारी नवऱ्याची एक मुलाखत आहे. सैनिकांना अजून सहा पत्ते कमी पडताहेत, आणि पाकिटात १ डॉलर ६० सेंट शिल्लक आहेत.