टक्कल कुणाला आवडतं?

टक्कल म्हणजे जादा पुरुषत्व, असं आमचे सलूनवाले काका माझे उरलेसुरले केस कापताना ठासून सांगतात. हे अर्धसत्य. 1942 साली अमेरिकेतले शास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवलं, की वयात येण्याआधी वृषणं काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. म्हणजे वृषणांत तयार होणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक हवंच. पण जादा नव्हे. फरक असतो तो केसांची मुळं त्याला किती दाद देतात यात. ही दाद ठरवणारा एक महत्त्वाचा जनुक एक्स गुणसूत्रावर, म्हणजे आईकडून येतो. (शिव्या मात्र वडलांच्या डोक्याला!)

मग बायकांना ते आवडतं का? 1996 साली मस्कारेला आणि कनिंगहॅम यांच्या प्रयोगात टक्कल असलेले पुरुष कमी आकर्षक, पण अधिक परिपक्व आणि मानमरातबाचे वाटले. त्यावरून ‘टक्कल म्हणजे पोक्तपणाची खूण, म्हणून ते उत्क्रांतीत टिकलं’ असा तर्क मांडला गेला. मला तो ओढूनताणून केलेला वाटतो. बहुतेकांचं टक्कल मुलंबाळं झाल्यावर वाढतं. तिथं नैसर्गिक निवडीचा फारसा जोर चालत नाही.

2012 साली अल्बर्ट मॅनेस यांच्या अभ्यासात पूर्ण तुळतुळीत डोक्याचे पुरुष लोकांना जास्त दरारा असलेले, उंच आणि ताकदवान वाटले. देखणे नव्हे. विरळ केसवाले मात्र मागे पडले. तेव्हा कानावरची बट टाळूवर आडवी चिकटवणाऱ्यांनो, सरळ वस्तरा फिरवून घ्या.