कच्चा खर्डा, पक्की फळी

1964 साली न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट मूग यांनी हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या साहाय्याने आपल्या मॉड्युलर सिंथेसायझरचा पहिला नमुना उभा केला, आणि त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत डॉन बुकला अशाच उद्योगात गढले होते. त्या घटनेपासूनच्या सहा दशकांचा मागोवा घेताना, हे वाद्य घरी घडविणाऱ्या हौशी माणसाने स्वराच्या खालोखाल चिंता वाहिली ती सर्किट ज्या फळीवर मांडायचे तिची, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ही निवड वरवर सोयीची दिसते. वस्तुतः ती आपल्या चुकीची किंमत आगाऊ ठरविण्याची निवड आहे.

यांतल्या पहिल्या फळीचे, ब्रेडबोर्डचे, नाव रेडिओच्या बाल्यावस्थेतले. पाव कापण्याच्या लाकडी फळीवर खिळे ठोकून त्यांना तारा गुंडाळण्याचा त्या काळी शिरस्ता होता. लाकूड गेले, नाव उरले. आजची छिद्रांची प्लास्टिकची फळी अमेरिकेत रोनाल्ड पोर्तुगाल यांनी रेखली. तिच्या हक्काचा अर्ज 1971 चा आणि मंजुरी 1973 ची. आत पाच-पाच छिद्रांना जोडणारी स्प्रिंगची पट्टी, त्यामुळे डाख नाही, तापलेली कावी नाही. रेझिस्टर उपसावा आणि दुसरा खोचावा, अशी ही कच्च्या खर्ड्याची मुभा.

परंतु या मुभेत एक दगा आहे. मूग यांनी रूढ केलेल्या ‘एका व्होल्टला एक सप्तक’ या नियमानुसार अर्धस्वराच्या वाट्याला सुमारे 83 मिलिव्होल्ट येतात. मात्र ऑसिलेटरच्या पोटात, जिथे ट्रान्झिस्टरांची जोडी या सरळ चढणीचे घातांकी चढणीत रूपांतर करते, तिथे अख्खे सप्तक सुमारे 18 मिलिव्होल्टांत सामावते आणि अर्धस्वराला उरतात जेमतेम दीड. तिथल्या 1000 ओहमच्या रेझिस्टरला एखाद्या सैल स्प्रिंगने 5 ओहमची भर घातली, तर पाच सप्तकांच्या टोकाशी स्वर अर्धस्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने ढळतो. मी रात्री बेतशीर जुळवून ठेवलेले सप्तक टेबलाला धक्का लागताच बेसूर होई, आणि दोष आकडेमोडीचा की फळीचा, याची रुजुवात करण्यात माझा रविवार जाई.

हा कच्चा खर्डा आणि पक्की छापील फळी यांच्यातला मधला मार्ग म्हणजे साठीच्या दशकाच्या आरंभी इंग्लंडातील व्हेरो कंपनीने बाजारात आणलेली तांब्याच्या समांतर पट्ट्यांची फळी. नको तिथे पट्टी तोडायची असेल, तर ड्रिलचे पाते बोटांत धरून तांबे खरवडायचे. आणि फळी उलटी करताच डावे ते उजवे होते, हे विसरल्यास भलतीच पट्टी तोडायची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘झिरो पीसीबी’ म्हणून मिळणारी सुट्या ठिपक्यांची फळी हिचीच धाकटी बहीण. 1995 साली जर्मनीत डीटर डोपफर यांनी सिंथेसायझरचे मॉड्यूल बसविण्याच्या युरोरॅक या चौकटीचे माप प्रसृत केले, त्यातील रुंदीचे एकक 5.08 मिलिमीटर, म्हणजे या फळीच्या छिद्रांमधील 2.54 मिलिमीटर अंतराच्या नेमके दुप्पट. दोन्हींचे मूळ इंचात असल्याने जुनी फळी नव्या घरात बिनतक्रार नांदली.

तांबे विरघळविणाऱ्या फेरिक क्लोराइडच्या पिवळट डागांची, फळ्यांची घरगुती छपाईही आली आणि मागे पडली. आता संगणकावर आराखडा रेखावा आणि परदेशातून छापील फळ्या मागवाव्यात, इतके ते सुलभ झाले. या सुलभतेने मला एकदा भुलविले. ब्रेडबोर्डावर स्वर लागताच, पट्ट्यांच्या फळीवरची तपासणी वगळून, मी थेट पाच छापील फळ्या मागविल्या. पाचही सुबक आल्या आणि पाचही फळ्यांवर ऑसिलेटरच्या एका ट्रान्झिस्टरचे दोन पाय परस्परांच्या जागी होते. मग जुने पाते हाती धरून एकेका फळीवरचे तांबे खरवडले, वरून तारा डाखल्या, आणि शिक्कामोर्तब झालेल्या त्या पाच फळ्यांचा पुन्हा खर्डा केला. त्या आजही तशाच, तारा मिरवीत, सुरात आहेत.