पाळी गेल्यानंतरची जळजळ आणि 'ड' जीवनसत्त्व

ज्या दुखण्याविषयी घरात बोलले जात नाही, त्या दुखण्यावर उपचारही होत नाही. पाळी गेलेल्या अनेक माताभगिनी अंगाची खाज, कोरडेपणा, लघवीची जळजळ मुकाट्याने सोसतात. खोकताना किंवा भाताचा भारा उचलताना लघवी गळते, म्हणून कुणी बाजारहाट सोडते, कुणी रविवारी देवळात यायचे टाळते. "वयच झाले, आता असेच चालायचे," असे त्या म्हणतात. पण हा आजार आहे, आणि त्यावर इलाज आहे. अलीकडे "ड जीवनसत्त्वाच्या पुड्या घ्या, सगळे बरे होईल," असाही सल्ला ऐकू येतो. त्यात खरे किती, हे पाहू.

असे का होते?

आपल्या देशातील बहुतेक स्त्रियांची पाळी ४५ ते ५० च्या सुमारास थांबते. मग बीजकोशातून येणारा इस्ट्रोजेन नावाचा रस फार कमी होतो. योनिमार्ग आणि मूत्रमार्ग यांचे आतले अस्तर याच रसावर पोसलेले असते. तो आटला की अस्तर पातळ व कोरडे पडते. तेथे राहणारे उपकारक जंतू कमी होतात. हे जंतू आम्ल तयार करून रोगजंतूंना थोपवून धरतात. राखण करणारा गेला की शेतात डुकरे शिरतात, तसेच आतड्यातले जंतू मग मूत्रमार्गात शिरतात आणि जळजळ पुन्हा पुन्हा होते. पतिपत्नीच्या संबंधातही वेदना होतात. नवऱ्याने याला रुसवा किंवा टाळाटाळ समजू नये. ते शरीराचे दुखणे आहे. अंगाच्या गरम वाफा काही वर्षांनी बहुधा आपोआप कमी होतात, पण हा कोरडेपणा उपचार न केल्यास वाढत जातो.

'ड' जीवनसत्त्वाचे काम

हे जीवनसत्त्व अन्नातला चुना, म्हणजे कॅल्शियम, शरीरात शोषून घेण्यास मदत करते. हाडे आणि स्नायू दोन्हींना ते लागते. लघवी आवरून धरणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही त्यात आले. म्हणून कमतरता असेल तर ती भरून काढणे योग्यच.

शेतात राबणाऱ्या बाईला उन्हाची काय वाण, असे वाटेल. पण आपल्या जोयडा भागात जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेले असते, कुळगीसारख्या गावांत रानाची दाट सावली असते, अंग कपड्यांनी झाकलेले असते आणि वय वाढेल तशी कातडीची शक्तीही कमी होते. तिरुपती भागातील पाळी गेलेल्या स्त्रियांची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तेथे ऊन भरपूर, तरीही दहापैकी सुमारे आठ स्त्रियांत हे जीवनसत्त्व अपुरे आढळले.

मात्र पुडी घेतल्याने लघवी गळणे थांबते, असे सिद्ध झालेले नाही. अमेरिकेतील 'व्हायटल' नावाच्या मोठ्या चाचणीत रोज २००० युनिट 'ड' जीवनसत्त्व सुमारे पाच वर्षे दिले गेले. स्त्रियांच्या लघवी गळण्यात एकंदरीत फरक पडला नाही. कोरडेपणा थोडा कमी झाल्याचे काही लहान चाचण्यांत दिसले, पण तो पुरावा अजून तोकडा आहे.

कशाने गुण येतो?

१. कोरडेपणा आणि वारंवार होणारी जळजळ यांवर डॉक्टर इस्ट्रोजेनचे मलम आत लावायला देतात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, साधे मलम लावणाऱ्या स्त्रियांना वर्षाला सरासरी सहा वेळा मूत्रमार्गाचा विकार झाला. इस्ट्रोजेनचे मलम लावणाऱ्यांना सरासरी वर्षाला एकदाही नाही. पूर्वी स्तनाचा कर्करोग झाला असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

२. लघवी गळण्यावर व्यायाम आहे. वारा सरताना आपण जसे आवरून धरतो, तसे स्नायू आत ओढावेत, पाच आकडे मोजेपर्यंत धरावेत, मग तेवढाच वेळ सैल सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. निदान तीन महिने नेमाने करावे.

३. शेतात आडोसा नाही म्हणून पाणी न पिणे आणि लघवी तुंबवून ठेवणे, या दोन्ही सवयी घातक आहेत. लावणीच्या दिवसांत बांधाजवळ चार तट्ट्यांचा आडोसा करून देणे हे घरच्या पुरुषांचे काम आहे.

४. साबण किंवा जंतुनाशक औषधाने आतून धुऊ नये. बाहेरून साधे पाणी पुरे. ओले लुगडे अंगावर वाळू देऊ नये.

ऊन आणि अन्न

आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचे ऊन कामाचे. तोंड, हात, पाय उघडे ठेवून रोज अर्धा तास त्या उन्हात काम करावे. काचेतून आलेले ऊन उपयोगी नाही. बांगडा, तारली आणि अंड्याचा बलक यांत 'ड' जीवनसत्त्व असते. मोकळ्या उन्हात चरणाऱ्या कोंबडीच्या बलकात ते अधिक असते. खाण्याच्या अळंब्या चिरून उन्हात वाळवल्या, तर त्यांतही ते तयार होते. कॅल्शियमसाठी आपली नाचणी उत्तम. १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम. जोडीला तीळ, शेवग्याचा पाला आणि काट्यासकट खाता येणारी बारीक सुकी मासळी.

६०,००० युनिटची पुडी डॉक्टरांनी सांगितली तरच आणि सांगितली तितकेच आठवडे घ्यावी. ती आठवड्याची असते. काही जणी रोज घेतात. अति झाल्यास रक्तातले कॅल्शियम वाढते, उलट्या होतात, लघवी अधिकच होते आणि मूत्रपिंडाला इजा होते.

वेळ दवडू नका

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त गेले, लघवीत रक्त दिसले, थंडीताप येऊन कुशीत दुखले किंवा अंग बाहेर आले, तर लगेच जोयड्याच्या किंवा दांडेलीच्या डॉक्टरांकडे जावे. पाळी गेल्यानंतरचे रक्त गर्भाशयाच्या कर्करोगाची खूण असू शकते. वारंवार जळजळ होत असल्यास मधुमेहासाठी रक्तातली साखरही तपासावी. सांगायला संकोच वाटत असेल तर गावच्या आशाताईंना सोबत घ्यावे. सुनांनी आणि मुलींनीही आईला, सासूला एकदा आपणहून विचारावे. विचारल्याशिवाय त्या सांगणार नाहीत.