बाबांना विचारलंत का?

दुबईत परिचारिका म्हणून काम करताना आपल्या मराठी घरांतून एक विनंती हमखास येते : "सिस्टर, बाबांना कॅन्सरचं सांगू नका. आणि मॉर्फिन नको, शुद्ध गेली तर शेवटी मुखी नाम कसं येणार?"

भीती खोटी नाही. पण थोड्या मात्रेपासून वाढवत नेलेल्या मॉर्फिनची गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. आणि कळा येत असताना नामात मन कुठले लागायला? काहींना तरीही थोडे सोसून जागे राहायचे असते. तसे बेतता येते, मात्र ते रुग्णाने सांगायला हवे.

गिळता येईनासे झाल्यावर चमचाभर गंगाजळही श्वासनलिकेत जाऊ शकते. भिजवलेला बोळा ओठांना लावावा, तुळशीचे पान ओठांवर ठेवावे. (आमच्या फिलिपिनो सिस्टरना आधी सांगा, नाहीतर कचरा समजून उचलतील.)

बऱ्या न होणाऱ्या आजारात, तीन तज्ज्ञ डॉक्टरांचे मत पडल्यास, थांबलेले हृदय चालू करण्याची धडपड टाळायला इथल्या २०१६ च्या कायद्याने मुभा दिली; रुग्णाने ती मागितली असेल तर मात्र नाही. म्हणजे तिथेही विचारणे आलेच.

एका मुलाने अखेर विचारू दिले. आजोबा म्हणाले, "मला सगळं ठाऊक आहे. हा रडेल म्हणून गप्प होतो." शेवट गावी व्हावा म्हणून मुलाने पुण्याची तिकिटे काढली होती, आजोबांना नातवंडांजवळ राहायचे होते. दहन जेबेल अलीला झाले. अस्थी तेवढ्या संगम माहुलीला गेल्या.