म्हैस फोनवर बोलली, तर हसायचे का?

दिवाळी सरली की शिरूर कासार तालुक्यातील अनेक घरे अर्धी रिकामी होतात. कर्ती माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळकरी नातवंडे. संध्याकाळी जेवणे आटोपली की टीव्ही लागतो. एखाद्या विनोदी कार्यक्रमात कोणीतरी खुर्चीला मावशी म्हणून हाक मारतो, तिला चहा पाजतो आणि ती रुसली म्हणून रडू लागतो. नातू पोट धरून हसतो. आजी विचारते, ‘‘अरं, ह्यात हसण्यासारखं काय हाय?’’ नातू म्हणतो, ‘‘आज्जे, तुला न्हाई कळायचं.’’

असा संवाद घरोघरी होतो. शहरात तो बाप-लेकात होतो, नवरा-बायकोत होतो. तर्काला पूर्ण सोडचिठ्ठी देणाऱ्या विनोदाचे असेच असते. काहींना तो जीव की प्राण वाटतो, तर काहींना डोकेदुखी. अधलेमधले लोक कमीच. मग ज्याला हसू येत नाही त्याला ‘विनोदबुद्धी नाही’ आणि जो हसतो त्याला ‘वेडगळ’ अशी लेबले लागतात. गेल्या काही दशकांतील संशोधन पाहिले तर ही दोन्ही लेबले चुकीची ठरतात.

हसू दोन पायऱ्यांनी येते

विनोद कळताना मेंदूत काय घडते, याचे एक सोपे प्रारूप मानसशास्त्रज्ञ जेरी सल्स यांनी १९७२ मध्ये मांडले. पहिल्या पायरीवर मनाची अपेक्षा मोडते. दुसऱ्या पायरीवर त्या मोडलेल्या अपेक्षेचा उलगडा होतो.

उदाहरण घेऊ. डॉक्टर आजोबांना सांगतात, ‘‘रोज दोन किलोमीटर चाला आणि आठवड्याने फोन करा.’’ आठवड्याने आजोबांचा फोन येतो, ‘‘डॉक्टर, चौदा किलोमीटर आलोय. आता परत फिरू का?’’ क्षणभर आपण चक्रावतो, मग आजोबांनी सल्ल्याचा काय अर्थ घेतला ते लक्षात येते आणि हसू फुटते. कोडे पडले आणि सुटलेही.

आता हाच विनोद थोडा बदलू. आठवड्याने फोन येतो, पण पलीकडून म्हैस बोलते, ‘‘आजोबा झोपलेत. त्यांच्या वाटचं मीच चालतेय.’’ डॉक्टर शांतपणे म्हणतात, ‘‘बरं, मग तुमचीच साखर तपासून घ्या.’’ इथे कोडे पडते, पण सुटत नाही. म्हैस का बोलली, डॉक्टरांना आश्चर्य का वाटले नाही, याचे उत्तर विनोदात कुठेच नाही. काहींना हे न सुटणेच गमतीचे वाटते. इतरांना मात्र दुसरी पायरीच नसलेल्या जिन्यावर उभे केल्यासारखे होते.

विलिबाल्ड रूख या संशोधकाने विनोदाच्या आवडीची चाचणी तयार करताना हाच फरक धरला. उलगडा होणारा विनोद एकीकडे आणि उलगडा न होणारा, म्हणजे असंबद्ध विनोद दुसरीकडे. नव्या अनुभवांची ओढ असलेल्या आणि संदिग्धता सहज सोसणाऱ्या लोकांना असंबद्ध विनोद अधिक आवडतो. ज्यांना गोष्टी नीटनेटक्या, ठरल्या चौकटीत असाव्यात असे वाटते, ते उलगडा होणाऱ्या विनोदाकडे झुकतात. रूख आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जर्मनीतील १४ ते ६६ वर्षे वयाच्या ४,२९२ जणांचा समावेश होता. वय वाढते तशी असंबद्ध विनोदाची गोडी कमी होते आणि उलगड्याच्या विनोदाची वाढते, असे त्यात दिसले. अर्थात हा सरासरीचा कल झाला. सत्तरीतही अचाट विनोदावर खूश होणारे आजोबा असतात आणि विशीतच त्याला कंटाळणारी मुलेही.

पाटी कोणती लावली, यावर सारे

स्वभाव आणि वय यांच्याइतकीच तिसरी एक गोष्ट महत्त्वाची असते. समोर काय येणार आहे, याची कल्पना माणसाला आधी होती का?

बीबीसीवर १९६९ ते १९७४ या काळात ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ ही मालिका चालली. दुकानातून आणलेला पोपट मेलेला आहे अशी गिऱ्हाईक तक्रार करतो आणि दुकानदार ‘तो विश्रांती घेतोय’ म्हणून हुज्जत घालतो, हा तिच्यातील गाजलेला प्रसंग. या मंडळींनी लिहिलेला एक विडंबनात्मक मजकूर ट्रॅव्हिस प्रूल्क्स, स्टीव्हन हाइन आणि कॅथलीन व्होस यांनी एका प्रयोगासाठी वापरला. २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही वाचकांना आपण विनोदी मजकूर वाचणार याची कल्पना होती. काहींची मात्र ही नेहमीसारखी गोष्ट आहे अशी समजूत करून दिली होती. मजकूर तोच होता. पण ज्यांची दिशाभूल झाली होती, त्यांचेच मन अस्वस्थ झाल्याच्या खुणा दिसल्या. वाचून झाल्यावर ते आपल्या ठाम समजुतींना अधिक घट्ट चिकटले. अर्थ हरवला की मन तो दुसरीकडे शोधू लागते, असे या संशोधकांचे म्हणणे आहे. ज्यांना आधीच कल्पना होती, त्यांना अशा आधाराची गरज पडली नाही.

म्हणजे असंबद्धतेचा त्रास होतो तो मुख्यतः ती बेसावध गाठते तेव्हा.

आजीला असंबद्ध नवे नाही

आता पुन्हा शिरूर कासारच्या त्या घरात येऊ. खुर्चीच्या मावशीला न हसणारी आजी खरोखर असंबद्ध विनोदाला अनोळखी आहे का? या भागात गावोगावी हरिनाम सप्ताह होतात, कीर्तने होतात, भारुडे रंगतात. गोदाकाठचे पैठण इथून फार दूर नाही. तिथल्या संत एकनाथांनी (१५३३–१५९९) सोळाव्या शतकात भारुडांचे मोठे भांडार मराठीला दिले. सूर्यालाच गिळून टाकणारी मुंगी मुक्ताबाईंच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या अभंगात भेटते. काट्याच्या टोकावर गावे वसवण्याची कल्पनाही संतांच्या कूटरचनांत आहे. फोनवर बोलणारी म्हैस यापुढे साधीच म्हणायची.

या रचना ऐकताना आजीला त्रास होत नाही, कारण पाटी आधीच लागलेली असते. हे भारूड आहे, यात उलटसुलट येणार, सोंग येणार आणि शेवटी बुवा त्याचा अर्थ सांगणार, हे तिला ठाऊक असते. कोडे कितीही अवघड असले तरी किल्ली मिळणार, हा भरवसा असतो. टीव्हीवरच्या खुर्चीच्या मावशीला अशी किल्ली नसते. आजी शेवटपर्यंत अर्थाची वाट पाहते, तो येत नाही आणि कार्यक्रम संपतो. नातवाकडे मात्र वेगळीच पाटी असते. मोबाइलवरच्या छोट्या चित्रफिती, शाळेतल्या मित्रांत रोज घोळणारी वाक्ये यांतून ‘इथे अर्थ शोधायचा नाही’ हे तो कधीच शिकलेला असतो.

मराठी आणि हिंदीतील ज्या अचाट कलाकृती टिकल्या, त्यांनी अनेकदा ओळखीची चौकट उसनी घेतली. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ (१९७४) या नाटकात मेलेला भाऊराव स्वतःच्याच मरणावर कीर्तन करतो. प्रेत बोलते हे अतर्क्य, पण कीर्तनाचा बाज प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारो’ (१९८३) मध्ये महापालिका आयुक्ताचे प्रेत द्रौपदी बनून महाभारताच्या नाटकात घुसते. वस्त्रहरण सगळ्यांना पाठ असते, म्हणूनच त्याचा उडालेला बोजवारा हसवतो. हा चित्रपट चित्रगृहांत फार गाजला नाही. पुढे टीव्हीवर लोकांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि त्याचा स्वतंत्र चाहतावर्ग तयार झाला. एखादी गोष्ट वारंवार समोर आली की ती अधिक आवडू लागते, हे रॉबर्ट झायोन्क यांनी १९६८ मध्ये प्रयोगांतून दाखवले होते. पहिल्यांदा विचित्र वाटलेला विनोद पाचव्यांदा आपला वाटू लागतो, याचे एक कारण हेही असावे.

सोबत हसण्याचे मोल

आवड जुळली नाही म्हणून बिघडले काय, असे कोणी विचारेल. बिघडते ते सोबत हसण्याचे. रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी विद्यार्थ्यांच्या रोजच्या नोंदी तपासल्या, तेव्हा माणूस एकट्यापेक्षा इतरांच्या सोबतीत सुमारे ३० पट अधिक हसतो असे आढळले. रॉबिन डन्बार आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विनोदी चित्रफिती पाहून मनसोक्त हसल्यावर लोकांची वेदना सोसण्याची क्षमता वाढलेली दिसली. फिनलंडमधील तुर्कू येथील संशोधकांनी २०१७ मध्ये १२ निरोगी पुरुषांच्या मेंदूचे स्कॅन केले. मित्रांसोबत हसल्यानंतर त्यांच्या मेंदूत वेदनाशामक, सुखद भावना देणारी नैसर्गिक रसायने स्रवल्याचे त्यांना आढळले. हसणे हे औषध नव्हे, त्याने आजार बरा होत नाही. पण माणसे एकमेकांशी जोडली जाण्यात त्याचा मोठा वाटा असतो. सहा महिने ज्या घरात फक्त आजी आणि नातू आहेत, तिथे हा वाटा आणखी मोठा.

आवड अचानक बदलली तर

आवड वेगळी असणे हा आजार नाही. मात्र वर्षानुवर्षांची आवड प्रौढ वयात विचित्रपणे पालटली, तर ती बाब दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१५ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या वेगवेगळ्या प्रकारांतील ४८ रुग्णांच्या नातेवाइकांना व मित्रांना त्यांच्या विनोदाच्या आवडीविषयी विचारले. ‘मिस्टर बीन’सारखा धडपडीचा विनोद, ‘येस मिनिस्टर’सारखा उपरोध आणि ‘मॉन्टी पायथन’सारखा असंबद्ध विनोद असे तीन नमुने त्यांनी समोर ठेवले होते. आजार ओळखला जाण्याच्या आधीच आवड बदलू लागली होती, असे अनेकांनी सांगितले. काहींना तर नेहमीची लक्षणे दिसण्याच्या सुमारे नऊ वर्षे आधी हा बदल जाणवला होता. मेंदूच्या पुढच्या भागावर परिणाम करणाऱ्या ‘फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया’त हे विशेष दिसले. दुःखाच्या प्रसंगी हसणे, वाकडी लावलेली गाडी किंवा भुंकणारे कुत्रे पाहून खदखदणे अशी उदाहरणे पुढे आली. अभ्यास लहान होता आणि नातेवाइकांच्या आठवणींवर बेतलेला होता. त्यामुळे केवळ हसण्यावरून निदान करता येत नाही. तरीही खूण म्हणून ती ध्यानात ठेवावी. हा आजार बहुधा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो आणि सुरुवातीला स्मरणशक्ती शाबूत असू शकते. म्हणूनच ‘स्वभाव बदलला’ म्हणून तो सोडून दिला जातो.

ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांत अडचण आणखी वाढते. बदल हळूहळू होतो आणि तो ओळखणारी मोठी माणसे जवळ नसतात. हंगाम संपवून घरी आल्यावर आई-वडिलांच्या बोलण्या-वागण्यात काही वेगळे वाटले, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. वर्षभर जवळ राहिलेल्या नातवंडांनाही विचारा. त्यांनी पुष्कळ पाहिलेले असते.

काय करता येईल?

* ‘तुला विनोद कळत नाही’ हे वाक्य टाळा. आधी पाटी लावा. ‘‘आज्जे, ह्यात अर्थ शोधायचा न्हाई, भारुडातल्या सोंगावानी बघ,’’ एवढे सांगितले तरी पुष्कळ फरक पडू शकतो.
* एकदा पाहून मत बनवू नका. दोन-तीन भाग सोबत पाहा. तरीही आवडले नाही तर सोडून द्या, त्यात कमीपणा नाही.
* आवडीची अदलाबदल करा. एक दिवस नातवाचा कार्यक्रम, एक दिवस आजीचे भारूड.
* विनोदाच्या आवडीसोबत वागण्यातही बदल दिसला, म्हणजे सहानुभूती आटणे, भान सोडून बोलणे, खाण्याच्या सवयी पालटणे, तर डॉक्टरांना दाखवा. सुरुवात जवळच्या सरकारी दवाखान्यातून किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयातून करता येईल. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी मोफत सल्ला मिळतो.

म्हैस फोनवर बोलली तर हसायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण शेजारी बसलेले माणूस का हसले किंवा का हसले नाही, हे मात्र एकदा विचारून पाहावे.